छाया नव्हे, मूल

१

दत्तक या विषयावर बोलण्यासाठी मराठीत आजवर तीन भाषा घडल्या. पहिली धर्मशास्त्राची, दुसरी मिळकतीची आणि तिसरी उपकाराची. पहिलीत पिंडदानाचा अधिकार येतो, दुसरीत वाडा आणि जमीन येते, तिसरीत 'कुणाचं पोर, पण नशीब काढलं हो!' असे उद्गार येतात. या तिन्ही भाषांत एकच माणूस गप्प असतो, आणि तो म्हणजे दत्तक गेलेले मूल. नव्या घरात पहिल्या रात्री त्याला झोप लागली का, नवे नाव ऐकून त्याने किती दिवस वळून पाहिले नाही, नव्या आईला 'आई' म्हणताना त्याच्या जिभेवर काय अडले, हे विचारणारी चौथी भाषा आपल्याकडे तयार झाली नाही. ती तयार झाली नाही याचा दोष समाजावर टाकून मोकळे होणे सोपे आहे. माझे म्हणणे मात्र असे आहे की या मौनात मराठीच्या अध्यापकांचा, समीक्षकांचा आणि वाचकांचा वाटा मोठा आहे. भाषा घडवण्याचे काम ज्यांच्याकडे होते त्यांनीच या मुलाकडे पाठ फिरवली.

व्याकरणापासूनच सुरुवात करू. 'दत्त' म्हणजे दिलेला. मुलाची ओळखच मुळी दुसऱ्याने केलेल्या क्रियेवरून ठरते. 'त्यांनी मुलगी दत्तक घेतली', 'त्यांनी मुलगा दत्तक दिला' या वाक्यांत मूल कर्म आहे, कर्ता नाही. 'तो दत्तक गेला' या प्रयोगात ते कर्त्याच्या जागी येते खरे, पण तिथेही पाहणारा जन्मघराच्या उंबरठ्यावर उभा आहे. आणि 'तो दत्तक आला' म्हणावे तर पाहणारा नव्या घराच्या ओसरीवर. त्या दोन उंबरठ्यांच्या मधल्या वाटेवर जो चालतो आहे, त्याच्या डोळ्यांनी पाहणारे क्रियापद आपल्याकडे नाही. हा शब्दच्छल वाटत असेल तर 'ओटीत घेणे', 'मांडीवर देणे' हे प्रयोगही तपासावेत. ओटी देणाऱ्याची किंवा घेणाऱ्याची असते. मूल फक्त तिथे ठेवले जाते.

२

आपल्या परंपरेने दत्तकाचा विचार कमी केला असे कुणी म्हणू शकणार नाही. नंदपंडिताची 'दत्तकमीमांसा' आहे, 'दत्तकचंद्रिका' आहे, आणि पश्चिम भारतात ज्याचा शब्द न्यायालयांनीही प्रमाण मानला तो नीलकंठभट्टांचा 'व्यवहारमयूख' आहे. कोण दत्तक देऊ शकतो, कुणाचा मुलगा चालतो, कुणाचा चालत नाही, विधवेला अधिकार आहे की नाही, यावर पानेच्या पाने खर्ची पडली. या साऱ्या चर्चेत एक शब्द वारंवार येतो आणि तो मला फार बोलका वाटतो. दत्तक घ्यायचा मुलगा 'पुत्रच्छायावह' असावा, म्हणजे त्याने पुत्राची छाया धारण करावी.

छाया! न जन्मलेल्या मुलाची सावली व्हावी, ही या मुलाकडून पहिली अपेक्षा. हा शब्द शास्त्रात नात्यांची योग्यायोग्यता ठरवण्यासाठी आला, हे मला ठाऊक आहे. परंतु शब्द आपल्या मूळ कामापुरता कधीच राहत नाही. शास्त्राच्या पोथ्या बंद झाल्या तरी अपेक्षा घरात शिल्लक राहिली. आजही दत्तक मूल घरात आले की शेजारीपाजारी पहिले वाक्य बोलतात ते 'अगदी तुमच्यावर गेलंय हो' हेच. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण त्या वाक्याने मुलाला एक काम नेमून दिलेले असते: सारखे दिसण्याचे, आणि वेगळे असल्याची जाणीव लपवण्याचे.

त्याच परंपरेत आणखी एक शब्द होता, जो आपण विसरलो. 'द्व्यामुष्यायण', म्हणजे दोन्ही बापांचा मुलगा. जन्मकुळ आणि दत्तककुळ या दोन्हींशी ज्याचे नाते राहते असा. ही सोय मिळकतीसाठी आणि श्राद्धासाठी होती, मुलाच्या मनासाठी नव्हती, हे उघड आहे. तरीही एका माणसाची दोन घरे असू शकतात, ही कल्पना तिने शक्य मानली होती. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने ती संपवली. दत्तकविधानाच्या तारखेपासून जन्मकुटुंबाशी असलेले सर्व बंध तुटले असे त्याच्या बाराव्या कलमाने मानले. वारसाहक्काच्या दृष्टीने ही स्पष्टता आवश्यक होती, यात वाद नाही. वाद आहे तो असा की कायद्याने तोडलेला बंध मनातही तुटला असे आपण गृहीत धरले, आणि तो न तुटल्याची खूण दिसली की मुलाला कृतघ्न ठरवले.

३

मी सावेडीत राहतो. येथून काही किलोमीटरवर नगरचा भुईकोट किल्ला आहे. बाहेरगावचा पाहुणा आला, विशेषतः तो साहित्याचा विद्यार्थी असला, की आपण त्याला किल्ल्याकडे नेतो आणि पंडित नेहरूंनी १९४२ ते १९४५ च्या बंदिवासात तेथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, हे अभिमानाने सांगतो. सांगावेच. पण त्याच किल्ल्यात २५ डिसेंबर १८८३ रोजी एक वीस वर्षांचा तरुण मेला. तो दत्तक मुलगा होता. त्याची गोष्ट आपण सांगत नाही.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे वारले. त्यांच्यामागे गादीला वारस हवा म्हणून भोसले कुळातल्या नारायणराव नावाच्या मुलाला १८७१ मध्ये दत्तक घेण्यात आले. त्याचे वय आठ वर्षांचे होते. त्याचे नाव बदलून शिवाजी ठेवले गेले. इतिहास त्यांना चौथे शिवाजी म्हणून ओळखतो. आठ वर्षांच्या मुलाचे घर गेले, नाव गेले, आणि जे नाव मिळाले ते महाराष्ट्रातले सर्वांत जड नाव होते. पुढे राजवाडा, इंग्रज शिक्षक, ब्रिटिश अधिकाऱ्यांची देखरेख, दरबारी मंडळींचे गट. काही वर्षांतच महाराजांचे मन ठिकाणावर नाही अशी बोलवा सुरू झाली. वेड खरे होते की लादलेले होते, यावर तेव्हाही वाद झाला आणि आजही होतो. १८८२ मध्ये त्यांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. तेथे पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला.

मराठीच्या विद्यार्थ्याला या प्रकरणाची एक बाजू पाठ असते. 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी महाराजांच्या छळाविषयी लिहिले, दिवाण माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, पुराव्यादाखल पुढे आलेली पत्रे बनावट ठरली, आणि जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात त्यांनी १०१ दिवस भोगले आणि त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले. मराठी निबंधाच्या इतिहासात त्या पुस्तकाला स्थान आहे, आणि ते रास्तच आहे. पण जरा थांबून हा हिशेब पाहावा. ज्यांनी मुलाची बाजू घेतली त्यांच्या १०१ दिवसांवर मराठीत पुस्तक आहे. ज्या मुलासाठी हे सारे घडले त्याच्या बारा वर्षांचे वर्णन 'दुर्दैवी' या एका विशेषणात आटोपते. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात तो एक निमित्त आहे. कोल्हापूरच्या इतिहासात तो दोन कारकिर्दींमधला एक सांधा आहे. आठ वर्षांचा नारायण म्हणून तो कुठेच नाही.

'तो वेडा होता का?' हा प्रश्न सर्वांनी विचारला. 'आठव्या वर्षी सर्वस्व बदललेले मूल ज्याला विचारता येईल असे कुणी त्याच्याजवळ होते का?' हा प्रश्न इतिहासाने विचारला नाही, हे एक वेळ समजू शकते. साहित्याने विचारला नाही, हे समजणे कठीण आहे.

४

त्यानंतर काय झाले ते पाहिले तर प्रश्न अधिक टोकदार होतो. चौथ्या शिवाजींच्या विधवा पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव या नऊ वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. तेच राजर्षी शाहू महाराज. म्हणजे शाहू महाराज दत्तकाचे दत्तक. गादी तीच, वाडा तोच, ब्रिटिशांची देखरेखही तीच. मग फरक कोणता?

फरक अनेक असतील. स्वभाव, काळ, शिक्षक, प्रशासनाने आधीच्या शोकांतिकेतून घेतलेला धडा. पण एक फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. शाहूंचे जन्मदाते जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे स्वतः कोल्हापूर संस्थानचे रीजंट होते आणि १८८६ मध्ये निधन होईपर्यंत मुलाच्या जवळपास होते. धाकटे भाऊ बापूसाहेब शिक्षणात त्यांच्या सोबत राहिले. म्हणजे कागदोपत्री घर बदलले तरी जुन्या घराची हाक या मुलाच्या कानावर पडत राहिली. बडोद्यातही असेच काहीसे दिसते. मालेगावजवळच्या कवळाणे गावचा गोपाळराव १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंना दत्तक जाऊन सयाजीराव झाला, तेव्हा त्याचे भाऊ आनंदराव आणि संपतराव यांनाही बडोद्यास आणून शिकवण्यात आले.

दोनतीन राजपुत्रांवरून सिद्धांत काढू नये, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो आणि येथेही पाळतो. सख्खा भाऊ जवळ असता तर चौथे शिवाजी वाचले असते, असा दावा मी करत नाही. मी एवढेच म्हणतो की महाराष्ट्राच्या दोन सर्वांत मोठ्या सुधारक राजांच्या चरित्रांत दत्तक होण्याचा अनुभव मध्यभागी आहे, आणि त्यांच्या चरित्रांवरच्या आपल्या व्याख्यानांत तो 'दत्तक गेले आणि भाग्य उजळले' एवढ्या एका वाक्यात उरकला जातो. नाव बदलले जाणे म्हणजे काय, हे ज्याने नवव्या-बाराव्या वर्षी अनुभवले त्याला जन्मावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या व्यवस्थेविषयी काही वेगळे कळले असेल का? हा प्रश्न तरी संशोधनाच्या एखाद्या प्रबंधात यायला हवा होता.

राजवाड्यांबाहेर पाहू. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा दत्तक घेतला. यशवंत त्याचे नाव. तो १८७४ चा. जोतीरावांनी त्याला शिकवले, १८८७ मध्ये मृत्युपत्र करून आपल्या माघारी त्याच्या हक्काची तरतूद केली. तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी रुग्णसेवा केली ती त्याच्या साहाय्याने. हे सारे आपण गौरवाने शिकवतो. १८९० मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेच्या वेळी यशवंताच्या अधिकारावर भाऊबंदांनी हरकत घेतली आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले, हा प्रसंगही आपण सांगतो, आणि तो सावित्रीबाईंच्या धैर्याचा म्हणून सांगतो. धैर्याचा तो आहेच. पण त्याच अंगणात सोळा वर्षांचा एक मुलगा उभा होता. ज्याला बाप म्हटले त्याचे शव समोर आहे, आणि चारचौघे म्हणताहेत की तू याचा कोण? त्या मुलाच्या बाजूने हा प्रसंग आपल्यापैकी कितीजणांनी वर्गात उभा केला?

झाशीच्या दामोदररावाचे तर शिल्पच झाले. गावोगावच्या पुतळ्यांत तो राणीच्या पाठीला बांधलेला आहे. मूळ नाव आनंदराव. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधररावांच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी पाच वर्षांच्या या मुलाला दत्तक घेतले. डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. १८५८ मध्ये दुसरी आईही रणांगणावर गेली. त्यानंतर तो रानोमाळ हिंडला, पुढे इंदूरला राहिला आणि १९०६ मध्ये वारला. दत्तकाच्या वैधतेवर साम्राज्ये भांडली, पण १८५८ नंतर जवळजवळ पन्नास वर्षे जगलेला हा माणूस मराठी मनात आजही पाच-दहा वर्षांचाच आहे, पाठीवर आहे, आणि त्याला तोंड नाही. त्याच्या नावावर सांगितली जाणारी एक हकीगत य. न. केळकरांच्या 'इतिहासाच्या सहली'त छापली गेली आहे. ती खरी किती, हा इतिहासकारांचा प्रश्न. ती साहित्याच्या वर्गात कधी चर्चेला आली नाही, हा आपला.

५

येथे कुणी म्हणेल, 'मराठीने दत्तक मुलासाठी अश्रू ढाळले नाहीत असे कसे? कर्ण विसरलात काय?' विसरलो नाही. उलट माझी मुख्य तक्रार कर्णाबाबतच आहे.

शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ ची, रणजित देसाईंची 'राधेय' १९७३ ची. या दोन कादंबऱ्यांनी मराठी वाचकांच्या पिढ्या घडवल्या. वक्तृत्वस्पर्धेत कर्ण, स्नेहसंमेलनात कर्ण, एम. ए. च्या तोंडी परीक्षेतही कर्ण. पण आपण कर्णाला वाचतो तो हरवलेला राजपुत्र म्हणून. त्याचे दुःख आपल्याला भिडते ते 'हा खरा कौंतेय असून सूतपुत्र म्हणून वाढला' या कारणाने. म्हणजे त्याचे खरे घर हस्तिनापूर, आणि अधिरथ-राधेचे घर ही नियतीची चूक! दत्तक मुलाच्या मनावर याहून क्रूर वाचन कोणते असू शकेल?

मूळ महाभारत आपल्यापेक्षा शहाणे आहे. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचा जन्म सांगतो, राज्य देऊ करतो, तेव्हा कर्ण काय उत्तर देतो? आपल्याला पाहताच राधेला पान्हा फुटला, तिने आपले मलमूत्र काढले, अधिरथाने जातकर्मादी संस्कार केले, आपली लग्ने लावून दिली, नातवंडे झाली. हे नाते सोन्याच्या राशींसाठी किंवा भयापोटी खोटे करता येणार नाही, असे तो सांगतो. आणि त्याच वेळी जन्माचे सत्य तो नाकारतही नाही. आपला जन्म आपल्याला माहीत आहे, तो पांडवांना सांगू नकोस, असे तो कृष्णाला विनवतो. जन्म आणि घर ही दोन्ही सत्ये एका छातीत वागवणारा हा माणूस आहे. दत्तकाच्या मनाचे इतके प्रौढ चित्र जगातल्या फार थोड्या ग्रंथांत असेल.

आपण मराठी वाचकांनी त्यातला अर्धा भाग घेतला. 'राधेय' हे शीर्षक देताना देसाईंनी पालक आईचे नाव निवडले, ही गोष्ट समीक्षेने मध्यवर्ती मानायला हवी होती. 'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण स्वमुखाने बोलतात. ज्या आईने टाकले तिला निवेदन आहे, दत्तक भावाला निवेदन आहे, पण जिने वाढवले त्या राधेला नाही. शोणाला वाचा देणे हे सावंतांचे फार मोठे भान आहे. दत्तक भावंडाच्या दृष्टीला मराठीत असा मान क्वचितच मिळाला. मग राधा का गप्प? या एका प्रश्नावर एक चांगला प्रबंध होऊ शकतो. तो न होता 'कर्णाच्या शोकात्मतेची मीमांसा' दरवर्षी नव्या मुखपृष्ठासह होत राहते.

६

या वाचनाचे परिणाम पुस्तकापुरते राहत नाहीत. घराघरांत लहान मुलाला चिडवण्याचा एक जुना प्रकार आहे. 'तुला बोहारणीकडून जुन्या कपड्यांवर घेतलंय', 'तुला उकिरड्यावरून उचलून आणलंय'. पोटची मुले यावर रडतात, मग हसतात. चिडवणाऱ्याला खात्री असते की हे खोटे आहे. ज्या घरात ते खोटे नाही, त्या घरातल्या मुलाने शेजारच्या अंगणात हे वाक्य ऐकले तर? बाहेरून आणले जाणे ही थट्टेची, लाजेची गोष्ट आहे, हा धडा त्याला तिथेच मिळतो.

दुसरीकडे आपण 'दत्तक' हा शब्द अगदी स्वस्त केला. गाव दत्तक घेतात, चौक दत्तक घेतात, झाड दत्तक घेतात, प्राणिसंग्रहालयातला वाघ वर्षाच्या वर्गणीवर दत्तक घेतात. विद्यार्थ्याची फी भरली की 'दत्तक पालक' म्हणून फोटो येतो. फी भरणे पुण्याचे आहे, त्याला खुशाल 'साहाय्य' म्हणावे. पण दत्तक म्हणजे मुदतीचा, मोठेपणाचा आणि केव्हाही थांबवता येण्याजोगा उपकार, असा अर्थ भाषेत रुजवल्यावर त्या शब्दाने ज्याची ओळख होते त्या मुलाला काय वाटेल, याचा विचार भाषेच्या शिक्षकाने करायचा नाही तर कुणी करायचा? आपल्या समीक्षेतही 'दत्तक घेतलेला वाङ्मयप्रकार' म्हणजे उपरा, उसना, मातीशी नाते नसलेला. हे रूपक आपण किती सहज वापरतो!

नव्या घरात रुळणाऱ्या मुलाची खरी अडचण नेमकी कोठे असते याविषयी पुरेसे लिहिले गेले आहे. एच. जे. सँट्स या अभ्यासकाने १९६४ मध्ये वंशाविषयीच्या संभ्रमाची कल्पना मांडली: आपण कुणाकडून आलो हे न कळल्याने स्वतःची प्रतिमाच अपुरी राहते. त्याच वर्षी डेव्हिड कर्क या समाजशास्त्रज्ञाने 'शेअर्ड फेट' हा ग्रंथ लिहिला. त्याचे प्रतिपादन असे की दत्तक कुटुंबे दोन प्रकारे वागतात. काही कुटुंबे वेगळेपण नाकारतात, 'आमच्यात आणि इतरांत काही फरक नाही' असे भासवतात. काही ते मान्य करतात आणि त्याविषयी बोलू देतात. मान्य करणाऱ्या घरांत पालक आणि मूल एकमेकांच्या अधिक जवळ येतात, कारण दोघांनीही काहीतरी गमावलेले असते आणि ते दोघांना एकमेकांशी बोलता येते. पालकांनी न झालेले मूल गमावले आहे. मुलाने न राहिलेले आईबाप. मला हे मत शास्त्रापेक्षा साहित्याच्या जवळचे वाटते. दोन अभावांचा संवाद हाच तर आपला विषय.

याचा अर्थ प्रत्येक दत्तक मूल जखमी असते असा मुळीच नाही. ती तर उपकाराच्या भाषेची दुसरी बाजू झाली: आधी 'भाग्यवान' म्हणायचे, मग 'बिचारे'. बहुसंख्य मुले रुळतात, भांडतात, हट्ट करतात, आईबापांना छळतात आणि त्यांच्यावर जीव टाकतात. मुद्दा एवढाच की रुळण्याला जे मानसिक श्रम पडतात ते मुलाने केलेले असतात, आणि त्या श्रमांना आपल्या भाषेत नाव नाही. मोठ्या वयात घरी आलेले मूल अन्न लपवून ठेवते, सारखी परवानगी मागते किंवा मुद्दाम वाईट वागून 'आता तरी परत पाठवतील का' हे तपासून पाहते, तेव्हा ते नात्याची परीक्षा घेत असते. आपण त्याला 'वळण नाही', 'रक्ताचा गुण' म्हणतो. रक्ताचा गुण! एका शब्दप्रयोगात जात, वंश आणि निर्दयता तिन्ही सामावली आहेत.

७

आश्चर्य असे की कायदा आपल्या साहित्यविचाराच्या पुढे गेला. १९५६ च्या कायद्यात आईबापांची संमती आहे, मुलाची नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याने मात्र दत्तकाचा आदेश देताना मुलाचे वय आणि समज पाहून त्याची इच्छा विचारात घेण्याचे बंधन घातले. २०२१ च्या दुरुस्तीनंतर हे आदेश जिल्हा दंडाधिकारी देतात. दत्तकानंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी मुलाच्या स्थितीचा अहवाल घेण्याची तरतूद आहे. मोठ्या झालेल्या दत्तक व्यक्तीने आपल्या मुळांचा शोध घ्यावा म्हटले तर, जन्मदात्यांचे खासगीपण राखून, संस्थांनी साहाय्य करावे असे नियम आहेत. म्हणजे शासनाच्या रूक्ष भाषेतसुद्धा 'मुलाची इच्छा' आणि 'मुळांचा शोध' हे शब्द आले. आपल्या ललित भाषेत अजून 'वंशाचा दिवा' तेवतो आहे.

नगरकरांना तर अज्ञानाची सबब सांगता येणार नाही. या शहरात १९८९ पासून 'स्नेहालय' काम करते आहे आणि त्याच्या 'स्नेहांकुर' प्रकल्पातून मुले दत्तक कुटुंबांत जात आहेत. त्याआधी, शंभरहून अधिक वर्षांपूर्वी, याच गावात रेव्हरंड टिळकांच्या घरी बालकवी मुलासारखे राहिले, आणि लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांचे रुसवेफुगवे, त्यांचा हळवेपणा यांची जी चित्रे काढली त्यांत उपकाराचा लवलेश नाही. ते विधिपूर्वक दत्तक नव्हते. पण दुसऱ्याच्या मुलाकडे कसे पाहावे आणि त्याच्याविषयी कसे लिहावे, याचा वस्तुपाठ मराठीत हवा असेल तर तो येथे, नगरच्याच या घराविषयी, लिहिला गेला आहे.

८

दोन आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला असा की ही समाजकार्याची बाब आहे, साहित्याच्या अध्यापकाने त्यात पडू नये. यावर माझे उत्तर: आम्ही पडलेलोच आहोत. कर्ण शिकवताना, फुले शिकवताना, 'माझे कुटुंब' या विषयावर निबंध तपासताना आम्ही रोज दत्तकाविषयी काही ना काही शिकवत असतो. प्रश्न फक्त आम्ही ते जाणून शिकवतो की अजाणता, एवढाच आहे.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे: बोलल्याने जखमा उघड्या पडतात, मुलांना त्रास होतो, झाकली मूठ बरी. या आक्षेपामागची माया मला समजते. पण झाकल्या मुठीत मूलच कोंडलेले असते. लग्नाच्या वेळी, मिळकतीच्या वादात, एखाद्या चुलत्याच्या रागाच्या भरात ती मूठ उघडतेच. आणि तेव्हा आपल्याला वाढवणाऱ्यांनी आपल्याशी खोटे का बोलावे, हे दुःख मूळ दुःखाहून मोठे ठरते. जे लपवले जाते ते लाजिरवाणे असते, असे मूल शिकते. बोलण्याने मुलाला शरम शिकवली जात नाही. ती शांततेने शिकवली जाते.

मग करायचे काय? मोठी आंदोलने नकोत. वर्गात 'मृत्युंजय' शिकवताना राधेच्या मौनावर एक तास द्यावा. यशवंत फुल्यांवर, दामोदररावांवर, चौथ्या शिवाजींवर एखाद्या विद्यार्थ्याने लिहू म्हटले तर 'साहित्यिक मूल्य काय?' असे विचारून त्याला परत पाठवू नये. वंशवृक्ष काढून आणा असा गृहपाठ देणाऱ्या शिक्षकाने त्याऐवजी 'मला ज्यांनी वाढवले' असा विषय द्यावा. मग झाडाला कलम केलेली फांदीही झाडाचीच राहील. 'उपरा' आणि 'दत्तक' हे शब्द समानार्थी वापरणे समीक्षकांनी बंद करावे. आणि ज्या मराठी माणसांचे बालपण दत्तक गेलेले आहे, त्यांनी लिहिले तर ते 'आश्रमातल्या मुलाचे यश' म्हणून न छापता आत्मचरित्र म्हणून वाचावे.

दलित आत्मकथनांनी मराठीला शिकवले की ज्याच्याविषयी शतकानुशतके बोलले गेले तो स्वतः बोलू लागला की भाषाच बदलते. स्त्रियांच्या लेखनाने हेच दुसऱ्यांदा शिकवले. दत्तक मुलाची पाळी अजून आलेली नाही. ती येईल तेव्हा ते मूल कुणाची छाया म्हणून बोलणार नाही, आणि त्याचे पहिले वाक्य कदाचित आपल्याला आवडणारही नाही. ते 'मी भाग्यवान होतो' असे असेलच असे नाही. ते ऐकून घेण्याची तयारी मराठीच्या वर्गांत आजपासून व्हायला हवी, कारण ते मूल आज त्याच वर्गात, कुठल्यातरी बाकावर, कर्णावरचा आपला तास ऐकत बसलेले असू शकते.